काचेची तार आणि गुरुजींचा कान

नव्वदीच्या दशकाच्या अखेरीस वाटूरच्या रस्त्याकडेनं चर खणून आमच्या गावापर्यंत काचेची तार आणली. एक्स्चेंजच्या दाराशी नारळ फुटला आणि टेलिफोनवाल्या साहेबांनी भाषण ठोकलं. आवाजाचा म्हणे उजेड होतो, तो काचेतून पळतो, त्यामुळे वाटेत कुणाच्या बापाला चोरून ऐकता येत नाही. आम्ही टाळ्या वाजवल्या. वाटेत ऐकायला कोण मरायला बसलं होतं? ऐकणारे घरातच होते.

आमच्या गल्लीत फोन एकच, निवृत्त गुरुजींकडे. तोच नंबर आम्ही पाहुण्यारावळ्यांना ‘पीपी’ म्हणून, म्हणजे शेजाऱ्याचा नंबर म्हणून दिलेला. फोन आला की गुरुजी हाक मारत. आपण बैठकीत बोलायचं आणि गुरुजींनी आतल्या खोलीत त्याच लाइनीवर जोडलेला दुसरा रिसिव्हर कानाला लावायचा. साऱ्या गल्लीला हे ठाऊक होतं, पण ज्याचा फोन त्याला बोलणार कोण? शेजारधर्म म्हणे!

धाकटी बहीण राजूरकडं दिलेली. नवरा मारायचा. एका चतुर्थीला गणपतीच्या दर्शनाचं निमित्त काढून तिनं राजूरच्या बूथवरून फोन केला.

“दादा, हे शनिवारी भोकरदनला जाणारेत. तू जीप घिऊन ये, मला घिऊन जा. न्हाई तर मी जीव दीन.”

मी तिला गप्प करायच्या आत ती सगळं बोलून गेली. तेवढ्यात खोकला ऐकू आला, एका कानाला आतल्या खोलीतून आणि दुसऱ्या कानाला रिसिव्हरमधून.

शनिवारी गेलो तर घराला कुलूप. सासूनं तिला आदल्या दिवशीच कुठल्याशा नणंदेकडं नेऊन ठेवलं होतं. एवढं शेजाऱ्यांकडून कळलं, पण नणंदेचं गाव सांगायला कुणी तयार नव्हतं.

परतलो तेव्हा गुरुजी ओट्यावर छाती फुगवून बसलेले. “मीच फोन केल्ता तिच्या सासऱ्याला. पोरगी निघून येऊन राह्यली, जल्दी समजूत घाला म्हणलं. संसार मोडू द्यायचा का मंग?”

बाजूचे शहाणे माना डोलवत होते. मिटवामिटवीचा हा शौक आमच्याकडं पुण्यात जमा होतो. मार मात्र ज्याचा त्यानं खायचा. मला त्या माणसाची किळस आली. काचेच्या तारेनं बिचारीनं आपलं काम चोख केलं होतं. बहिणीची कुजबुज वाटेत कुठंही न सांडता तिनं थेट गुरुजींच्या कानात नेऊन घातली होती.

काही महिन्यांनी सासरच्यांनी बहिणीला परत तिथंच नांदायला आणलं. त्याला बरीच वर्षं झाली, आता तिच्या हातात स्वतःचा मोबाइल आहे.

“बरं हाय, दादा,” एवढंच म्हणते. मार थांबला की नाही, हे बघायला मला राजूरची बस धरावी लागते.