चंद्रावरच्यासारखा गाडा

कडूबाईची भाकर अर्धीच थापून झाली होती, तेवढ्यात नामांतराच्या दंगलीतला जमाव अंगणात शिरला. तिचा नवरा मुंजाजी सुतार. चंद्रावर गेलेली माणसं हत्यारं ओढून न्यायची, तसला दोनचाकी गाडा त्यानं पेपरात बघून बनवला होता. प्रत्येक हत्याराला उघडी खोबण, हात घातला की मिळावं.

"चंद्रावर चोर नसतेत, मुंजाजी," जमावातला बन्सीधर हसला. "कुऱ्हाड काढ. बौद्धवाड्याची दारं फोडायचीत."

"ती दारं मीच बसवलीत. न्हाई देत."

लाठीनं त्याचं मनगट मोडलं, डोकं फुटलं. तरी तो गाड्यापुढून हलेना. पांडुरंगाचं नाव घेऊन कडूबाईनं हत्यारांसकट गाडा अंगणातल्या बिनकठड्याच्या आडात लोटला. तिलाही तुडवून जमाव रिकाम्या हातानं गेला.

तोंडावरचं रक्त पुसून ती हाडवैद्याला आणायला झरी गावाला निघाली.