सिस्टरचा ओस पडलेला दवाखाना

ही हकिगत सांगणं मी वर्षानुवर्षं टाळलं. बायको होती तोवर तिच्यासमोर लाज वाटायची. आता ती नाही, आणि मीही फार दिवसांचा नाही.

सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर मी मास्तर होतो. तिथे केरळची एक ख्रिस्ती सिस्टर, संन्यास घेतलेली, दवाखाना चालवायची. त्यांच्या सिस्टरांच्या संघाची सुरुवात तिनेच मला सांगितली होती. दूरदेशी एका विधवेने रस्त्यावर पडलेली आजारी बाई घरी आणून आपल्या स्वयंपाकघरात निजवली. मदतीला शेजारणी आल्या, त्यांचाच पुढे संघ झाला. "ज्याच्याजवळ कोणी बसत नाही, त्याच्याजवळ आम्ही बसायचं. बाकी देव बघेल," ती म्हणायची.

माझी मुलगी तापाने फणफणली. मी नको म्हणत असताना बायकोने तिला तिथे नेलं. मी तणतणत पोहोचलो, तेव्हा सिस्टर पोरीच्या कपाळाला पाणी लावत होती. ओठ हलत होते.

"मंत्र म्हणताय?"

"श्वास मोजते, मास्तर. बोलू नका, चुकेल."

मुलगी बरी झाली. तरी पारावर मी सांगितलं, सिस्टरने पाणी शिंपडून माझी पोर बाटवली. बायकोने माझं ऐकलं नाही याचा राग होता, दुसरं काही नाही. मास्तरचा शब्द; कोणी शंका घेतली नाही. बायकोला खरं माहीत होतं, पण तिने ते कधीच कोणाला सांगितलं नाही.

दवाखान्यात कोणी फिरकेना. सिस्टर शाळेच्या दारात येऊन हसून म्हणाली, "मास्तर, गाव फार तंदुरुस्त झालं तुमचं. कोणी आजारीच पडत नाही."

त्याच पावसाळ्यात शेजारचं बाळ जुलाबांनी गेलं. त्याची आई त्याला पदराखाली झाकून, दवाखान्यावरूनच पुढे भगताकडे घेऊन गेली होती. सिस्टर दारात उभी होती.

मग तिची बदली झाली. वरून सांगितलं की निघायचं, कारण विचारायचं नाही, असा त्यांचा नियम. एक पिशवी घेऊन ती एसटीत बसली.

निवृत्तीनंतर नाशकात आलो. गंगापूर रोडला म्हाताऱ्या सिस्टर राहतात तिथे ती असल्याचं कळलं, म्हणून गेलो. तिने ओळखलं.

"मुलगी कशी आहे?"

"छान आहे. दोन मुलं आहेत तिला."

"आणि त्या बाळाची आई?"

मी कप तोंडाला लावला. चहा संपवून उठलो. पुन्हा धीर करून गेलो, तर तिला मातीत ठेवून महिना झाला होता.

सांगायचं होतं ते एवढंच. सिस्टर, ते बाळ माझ्या खोटेपणाने गेलं, आणि बाटवल्याचा बोल तुम्हाला लागला. मला माफ करा.