दीड हात वर

आमच्या गावाशेजारून जो मोठा रस्ता गेलाय त्याच्यावर माझा राग आहे, हे आधीच सांगून टाकते. पुढं कुणी म्हणायला नको की बाई मनात अढी धरून लिहिते. धरलीय. चांगली गाठ मारून धरलीय.

आमचं गाव पारनेर तालुक्यातलं. इथं पाऊस येतो तो पाय लावून जातो, मुक्काम करत नाही. हिवरे बाजारला जमलं ते आपल्याला का जमू नये म्हणून गावानं एका उन्हाळ्यात ओढ्यावर पाझर तलाव बांधला. पाझर तलाव म्हणजे नुसती साठवण नव्हे, पाणी त्यात थांबतं, जमिनीत मुरतं आणि खालच्या विहिरी जगवतं. मशीन आलं होतं, पण दगडमातीला घरटी माणूस लागला. माझी मुलगी तेव्हा कॉलेजात होती. सुट्टीला आली आणि सगळी सुट्टी माझ्या मागं रांगेत उभी राहून तिनं घमेली वाहिली. हाताला फोड आले तर रात्री खोबरेल लावायची आणि सकाळी पुन्हा हजर. तलाव भरला तेव्हा आमच्या विहिरीनं आयुष्यात पहिल्यांदा उन्हाळा बघितला. मी विहिरीला ओटी भरून आले होते, खोटं कशाला सांगू.

मग रस्ता आला. त्याचा मातीचा भराव ओढ्याला आडवा पडला. पाणी पलीकडं जावं म्हणून भरावाखालून सिमेंटचा पाइप टाकला, आणि टाकला तो ओढ्याच्या तळापासून दीड हात वर. पाणी काही शिडी लावून चढत नाही. आता पाऊस झाला की पाणी भरावाच्या अलीकडंच अडतं, शेजाऱ्याचा कांदा सडवतं, आणि पलीकडं आमचा तलाव कोरडा ठणठणीत. धो धो पाऊस पडला तर जातं म्हणे पाइपातून. अरे, धो धो पडत असता तर आम्हाला तलाव बांधायची हौस होती काय? गावानं ओरड केली, ग्रामसभेनं ठराव केला, माणसं जाऊन साहेबांना भेटली. सगळीकडं एकच उत्तर मिळालं, की नकाशा मंजूर आहे. तेवढ्यात काम संपलं, कंपनीनं तंबू उचलला, आणि बोलायला समोर कुणी उरलंच नाही.

याच्यानंतरची गोष्ट. मुलगी पारनेरला पतसंस्थेत नोकरीला लागली होती, तिथंच खोली घेऊन राहायची. एकोणतिसावं लागलं तरी लग्नाचं नाव नाही. स्थळं यायची, ही फोटो बघून उलटा ठेवायची. शेवटी माझ्या भावजयीनं श्रीरामपूरचं एक स्थळ आणलं. मुलगा सिव्हिल इंजिनियर, रस्त्यांच्या कंपनीत. रस्त्यांच्या म्हटल्यावर माझ्या कपाळाला आठी पडली, पण पोरगी फोटो बघून म्हणाली, बघू. तिच्या तोंडून ‘बघू’ निघणं म्हणजे निम्मा साखरपुडाच. मग फोनवर बोलणं सुरू झालं. सुट्टीला घरी आली की फोन घेऊन गच्चीवर जायची, आणि खाली मला तिचं हसू ऐकू यायचं. किती दिवसांनी ऐकलं होतं ते. मी नवऱ्याला म्हटलं, रस्तेवाला तर रस्तेवाला, गंगेत घोडं न्हाऊ दे एकदाचं.

दसरा झाला, परतीचा पाऊस येऊन गेला, आणि पाहुणे बघायला आले. मुलाला वडील नव्हते, आईचे गुडघे धरलेले, म्हणून मामा पुढारी. मुलगा मला आवडला, हेही खोटं कशाला सांगू. उन्हानं रापलेला, बोलणं हळू. पाणी प्यायला तर पेला स्वतः आत आणून ठेवला. मामांचं मात्र तोंड थांबेना. पोह्यांची डिश हातात घेऊन त्यांनी देशाचं भविष्य सांगायला घेतलं. डॉक्टर मागं पडणार, कॉम्प्युटरवाले तर पडलेच, पुढचा काळ बांधकामाचा. रस्ते, पूल, बोगदे, विमानतळ, बघाल तिकडं काम. या धंद्याला मरण नाही.

माझा नवरा भोळा. त्यानं विचारलं, सगळे रस्ते करून झाल्यावर मग काय करायचं? मामा मोठ्यानं हसले. मग रुंदीकरण, म्हणाले. रुंदीकरण झालं की उड्डाणपूल, पूल झाला की दुरुस्ती, तोवर पहिला रस्ता उखडलेला असतोच. हे ते कौतुकानं सांगत होते. मी आत चहा गाळत होते आणि माझं डोकं तापायला लागलं होतं. मेल्यांचा खड्डासुद्धा पोटापाण्याला उपयोगी पडतो. शेतकऱ्याचं पीक खराब निघालं तर तो बुडतो, यांचं काम खराब निघालं की पुढचं काम मिळतं. असल्या धंद्याला मरण कशाला येईल? पण जीभ दाताखाली धरली. पोरगी चहाचा ट्रे घेऊन बाहेर निघाली होती, आणि तिनं माझी मोरपंखी साडी नेसली होती.

तेवढ्यात मामांनी हुकमाचं पान टाकलं.

“तुमच्या गावावरून हायवे गेलाय ना, तो टप्पा यानंच केलाय. जावई तुमच्या शिवारात आधीच पाय ठेवून गेलाय म्हणा.”

माझ्या नवऱ्यानं हातातला चमचा डिशमध्ये ठेवला. पोरगी ट्रे घेऊन तशीच उभी राहिली. मुलानं तिला फोनवर एवढंच सांगितलं होतं की पारनेरच्या बाजूला काम केलंय. बाजू मोठी आहे, तिनं खोलात विचारलं नव्हतं. मामांना वाटलं आम्ही हरखून गप्प झालो. म्हणाले, आता दोघांना जरा बोलू द्या, गच्चीवर जाऊ द्या. पोरीनं ट्रे खाली ठेवला आणि म्हणाली, गच्चीवर नको, तळ्याकडं जाऊ. मी पदर खोचला. म्हटलं, आम्ही पण येतो, पाहुण्यांना आमचं शिवार दाखवू. मामा बूट सांभाळत चिखलातून आमच्या मागं आले.

भरावाच्या अलीकडं पाणी तुंबलं होतं, त्यात शेजाऱ्याच्या कांद्याची रोपं कुजून वास सुटला होता. पाइपाचं तोंड पाण्याच्या वर कोरडं होतं. आतून एक सरडा बाहेर आला आणि आमच्याकडं बघून परत गेला. पलीकडं तलाव, तळाला थेंब नाही, नुसतं टाकळ्याचं तण माजलेलं. आदल्याच आठवड्यात पाऊस पडून गेला होता, हे मी पाहुण्यांना दोनदा सांगितलं.

मुलगा काही बोलला नाही. मी मात्र बोलले. मी म्हटलं, “पाव्हणं, तुमी हुंडा मागितला न्हाई, लई चांगलं केलं. पन मी मागती. ह्यो पाइप दीड हात खाली घ्या. पोरगी तुमची.”

मामा म्हणाले की ताई, लग्नाच्या बैठकीत कुणी पाइप मागतं का. मी म्हटलं, फ्रीज मागतात, गाडी मागतात, मी पाइप मागितला तर काय बिघडलं. मुलगा मला काकू म्हणून समजावायला लागला. काम पूर्ण होऊन सोपवलेलं आहे. आता पाइप हलवायचा तर रस्ता फोडावा लागेल, वाहतूक वळवावी लागेल, मंजुऱ्या लागतील. तो आता दुसऱ्या राज्यात बोगद्यावर आहे, इथलं काही त्याच्या हातात नाही. मला हसावं का रडावं कळेना. डोंगर पोखरून गाड्या पलीकडं नेणारी माणसं ही, आणि एक पाइप दीड हात खाली घ्यायला सगळ्या देशात हात नाही.

पण एक सांगते. मी घासाघीस करत होते. बाजारात आपण निम्मा भाव सांगतो तशी. तो एवढं म्हणाला असता की काकू, बघतो, प्रयत्न करतो, तरी मी नारळ फोडला असता. पोरीचं ते हसू माझ्या कानात होतं. पाइप गेला खड्ड्यात, असं मी मनात म्हटलंही होतं.

पोरगी इतका वेळ पाण्याकडं बघत होती. तिनं त्याला एकच विचारलं.

“पाइप टाकला तेव्हा वर बसतोय हे तुम्हाला दिसलं होतं का?”

तो खोटं बोलू शकला असता. नाही म्हणाला असता तर कोण तपासायला जाणार होतं? त्यानं चपलेनं चिखल उकरला, आणि म्हणाला, “दिसलं होतं. पण भरावाच्या गाड्या उभ्या होत्या. थांबवायचं म्हणजे वर कळवावं लागलं असतं. मी बोललो नाही.”

“ज्याला दिसलंच नाही असा चालला असता मला,” ती म्हणाली, आणि साडी वर धरून घराकडं चालू लागली.

मामा माझ्यावर चिडले, की मुलीला शिकवता काय तुम्ही. मी काय शिकवणार? मी तर तिच्यावर त्यांच्यापेक्षा जास्त चिडले होते. पाहुणे गेल्यावर तिला वाटेल तसं बोलले. खरं बोलला बिचारा, त्याचं हे बक्षीस का? असला सरळ मुलगा दिवा घेऊन शोधलास तरी मिळायचा नाही. ती साडीची घडी घालत होती. म्हणाली, “आई, मी विचारल्यावर बोलला. आयुष्यभर मीच विचारत बसू का?” मग तिनं तोंड फिरवलं, आणि तिचे खांदे हलायला लागले. त्या दिवसापासून त्या रस्त्यावरचा माझा राग दुप्पट झाला. आधी त्यानं पाणी खाल्लं होतं, आता पोरीचं हसू खाल्लं.

ती अजून पारनेरलाच आहे. गच्चीवर जाते ती वाळवण घालायला. नातेवाईक म्हणतात, एका पाइपापायी स्थळ घालवलं. म्हणोत.

आणि मामांचं भविष्य खरं ठरलं. यंदा चैत्रात रुंदीकरणाची मोजणी सुरू झाली. झाडांना रंगाचे पट्टे आले, शेतात खुंट्या आल्या. भर दुपारी कमरेला बॅग लावलेला एक दाढीवाला इंजिनियर आमच्या दारात आला, आणि मावशी, जरा पाणी मिळेल का म्हणाला. दाराशी आलेल्याला पाणी नाही म्हणायची आमच्याकडं रीत नाही. पण मी पायात चपला घातल्या आणि म्हटलं, देते, आधी माझ्याबरोबर चल.

उन्हात तो माझ्या मागून भरावापर्यंत आला. मी काही सांगितलं नाही. विचारलंही नाही, कारण विचारायचं नाही असं मी ठरवलं होतं. त्यानं पाइप बघितला, ओढा बघितला, पलीकडं जाऊन कोरडा तलाव बघून आला. टोपी काढून घाम पुसला. मी वाट बघत उभी राहिले, पोरीच्या बघण्याला सुद्धा कुणाच्या तोंडाकडं इतकं बघितलं नव्हतं.

“हा पाइप वर बसलाय, मावशी,” तो म्हणाला. “हे चुकलंय.”

मी म्हटलं, “बोललास. आता घरी चल, पानी पी. टँकरचं हाय, पन गार हाय.”