धुमेवरची कणीक

मृदंगाच्या धुमेला लावलेली कणीक मी खरवडली नाही, आणि मृदंग तसाच देवळातल्या खुंटीला अडकवून नोकरीवर निघून गेलो. धुम म्हणजे डाव्या हाताची बाजू. ओल्या कणकेचा गोळा थापल्याशिवाय ती घुमत नाही, आणि भजन आटोपलं की तो काढायचा असतो, हे आमच्या गावात मृदंग न वाजवणाऱ्यालाही ठाऊक. मला मात्र अकोल्याची मोटार गाठायची होती.

तिथल्या एका कापसाच्या जिनात कारकुनी करण्यात अकरा वर्षं गेली. बायको नाही, पोर नाही. संध्याकाळी खोलीवर पत्र्याची पेटी पुढ्यात घेऊन ठेका धरायचो, तर शेजारी भिंत ठोकायचा. तो माझ्यापेक्षा लयीत ठोकी. शेवटी मी पेटीत नुसते कपडेच ठेवू लागलो. पण आपल्यावाचून गावचं भजन अडलं असेल, ही समजूत काही केल्या सुटली नाही.

जिन बंद पडलं तेव्हा गावी परतलो आणि पिशवी घरी टाकून तडक देवळात गेलो. पूर्वी आम्ही नऊ जण बसायचो. त्यातले काही वारले होते, काही कामाला बाहेर गेले होते. टाळकरी बुवा तेवढे खांबाला टेकून एकटेच टाळ वाजवत होते. मृदंग त्याच खुंटीला होता. मी तो उतरवला. धुमेच्या जागी एवढं भोक, की हात कोपरापर्यंत आत गेला. आत सरकीचा कापूस, कडब्याच्या काड्या. कुणीतरी सुखानं संसार केला होता.

"बुवा, हे कोनं केलं?"

"उंदरानं. कनकीच्या वासानं आले."

"मंग तुमी काहून नाही काढली कनीक?"

"वाजवनाऱ्याच्या मुरदंगाले दुसऱ्यानं हात लावते काय? आमाले वाटलं, उद्या येशीन."

मी आतला कापूस आणि काड्या उपसून काढल्या.

मृदंग धोतरात गुंडाळून मांडीवर घेतला आणि मोटारीनं मंगरूळपीरला नेला. दर्ग्याच्या मागल्या गल्लीत एक कारागीर चामडं चढवून द्यायचा. शेजारच्या बाईनं सरकून जागा दिली. "लेकराले ताप हाये काय?" म्हणाली. मी "व्हय" म्हणून गेलो, आणि उतरेपर्यंत त्याला थोपटत बसलो.

नव्या धुमेला कणीक लावून मी बुवांपुढे बसलो. बुवांनी पुन्हा जोडीला घेतलं तर संध्याकाळी जायला एक ठिकाण होतं. नाहीतर ती पेटी होतीच. ठेका डोक्यात होता, बोटांत उतरेना. लय सुटली ती पार पुढं पळाली. बुवा दोनदा थांबले, दोनदा मला धरून आणलं. तिसऱ्यांदा त्यांनी टाळ मांडीवर ठेवले. रिकाम्या देवळात मी एकटाच चार ठोके जास्त वाजवले.

मग खाली मान घालून कणीक खरवडायला घेतली. कणसुद्धा ठेवला नाही.

"हात येईल, बुवा," मी म्हणालो. "आता मी रोज येतो."

बुवांनी टाळाची दोरी गुंडाळली.

"उंदीर बरे होते, लेका. सांगत नोयते, पन रोज येत."