अक्कापुरती मोठी अक्षरे

कागदोपत्री त्यांचे नाव चांगले लांबलचक होते. पण घरी, दुकानात आणि गिऱ्हाइकांत ते ‘भाऊ’ एवढेच होते. जन्म १९५१, मृत्यू २०१९. त्यांतली एकतीस वर्षे एकाच चष्म्याच्या दुकानात नोंदी ठेवण्यात गेली. समोरच्या काउंटरवर त्यांची थोरली बहीण, अक्का, बसे.

दुकानात संगणक आला तेव्हा भाऊंनी पुस्तके वाचून, एकेक ओळ स्वतः लिहून, गिऱ्हाइकांच्या नंबरांचा प्रोग्राम तयार केला. अक्काची नजर अधू. म्हणून तिने एकदा अक्षरे मोठी केली की ती आवड एका छोट्या फाइलीत नोंदली जावी आणि दुसऱ्या दिवशी प्रोग्रामने उघडताना ती वाचून पडदा तसाच मांडावा, अशी योजना त्यांनी केली. तरीही रोज सकाळी अक्षरे आपली मुंगीएवढीच!

“तुझं हे यंत्र माझ्याहून विसरभोळं निघालं रे,” अक्का हसून म्हणे. हसणे वरवरचे होते. सकाळच्या गर्दीत अक्षरे मोठी करायला सवड नसे. नंबर चुकीचे वाचले जाऊन दोन चष्मे परत आले होते. मालकांनी बजावले होते, “आणखी एक चुकला, तर काउंटरवर दुसरं माणूस बसेल.”

भाऊंनी आठवडाभर उघडण्याच्या वेळच्या आज्ञा तपासल्या. त्यांत खोट सापडेना. अखेर एका संध्याकाळी ते बहिणीच्या मागे जाऊन उभे राहिले. अक्काने फडक्याने पडदा पुसला आणि भिंतीवरचे बटण खटकन बंद केले.

“अगं, आधी प्रोग्राम बंद करायचा असतो ना?”

“दिवा विझवताना तू दिव्याची परवानगी घेतोस का?”

भाऊंनी कपाळाकडे निघालेला हात मागे घेतला. आवड जपण्याची आज्ञा त्यांनी ‘बंद होताना’ या जागी लिहिली होती, आणि या बाईने प्रोग्राम जन्मात कधी बंद केला नव्हता! त्याच बैठकीत त्यांनी ती आज्ञा तिथून उचलली आणि अक्षरे बदलताक्षणीच नोंद होईल अशी बसवली; मग स्वतःच अक्षरे एकदा मोठी करून ठेवली. अक्काला चूक कोणाची ते सांगितले नाही.

दुसऱ्या सकाळी पडदा उजळला. “अगंबाई! ओळखलं की यानं मला!”

त्यानंतर अक्का नऊ वर्षे काउंटरवर राहिली आणि स्वतःच्या मर्जीने निवृत्त झाली. तिच्या जागी आलेल्या बाईंनी पहिल्याच दिवशी अक्षरे लहान केली. प्रोग्रामने तीही निमूट जपली. भाऊंना मात्र त्या दिवशी जेवण गेले नाही. प्रोग्रामची रीतसर माहिती लिहून देण्याचे त्यांनी मालकांना कबूल केले होते. त्यांच्या पश्चात त्या माहितीची लिहून झालेली दोनच पाने निघाली.