भुऱ्याच्या गळ्यातली घंटी

लालसिंग आडे यांचा तांडा मानोऱ्याहून पोहरादेवीकडे जाताना डाव्या हाताला आहे. मी मानोऱ्याच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मुख्य लिपिक आहे आणि येत्या जूनमध्ये निवृत्त होतो आहे. त्यांच्या मुलाच्या, नवीनच्या, प्रवेश अर्जात जन्मतारखेचा घोळ होता. तो मी निस्तरून दिला, तेव्हापासून आमची ओळख. नवीन आता पुण्याला कंपनीत आहे. लालसिंग सहा एकर शेती करतात. वय अडुसष्ट.

त्यांना शिकारीचा नाद. पोटासाठी त्यांनी कधी शिकार केली नाही, हे ते पहिल्याच भेटीत सांगतात. वडिलांकडे परवान्याची भरमार, म्हणजे ठासणीची, बंदूक होती. कायदा कडक झाला, परवान्याचे नूतनीकरण झाले नाही आणि बंदूक ठाण्यात जमा झाली. तिची पावती लालसिंगांनी देवाच्या फोटोमागे ठेवली आहे. मी ती पाहिली आहे. शाई उडाली आहे, शिक्का वाचता येतो.

बंदूक गेल्यावर उरला तो हाका. दिवाळीनंतर तूर डोक्याइतकी उंच वाढते आणि रानडुकरे दिवसा तिच्यात बसून राहतात. रात्री हरभरा उकरतात, सकाळी परत तुरीत. शेतकरी लालसिंगांना निरोप देतो. चार माणसे आणि एक कुत्रा जातात. माणसे एका बाजूला ओळीत उभी राहतात, कुत्रा तुरीत शिरतो आणि डुकरे दुसऱ्या बाजूने जंगलाकडे निघून जातात. मारायचे काही नाही. शेतकरी प्रत्येक माणसाला एक पायली धान्य देतो आणि कुत्र्यालाही एक. कुत्र्याची पायली कमी करायची नाही, असा तांड्याचा रिवाज आहे.

कुत्र्याच्या गळ्यात पितळेची घंटी असते. तूर दाट असली की कुत्रा दिसत नाही, फक्त घंटी ऐकू येते. तो धावतो आहे, थांबून वास घेतो आहे, की डुकरासमोर उभा आहे, हे आवाजावरून कळते. हे ओळखणारा माणूस ओळीच्या मधोमध उभा राहतो आणि हाताने खूण करतो. इकडे सरका, तिकडे सरका. खूण चुकली तर डुक्कर माणसावर येते. तीस वर्षे ओळीच्या मधोमध लालसिंग उभे राहिले.

मागच्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपल्यावर ते कॉलेजात आले. माझ्या खोलीचे दार त्यांनी स्वतःच लोटून घेतले.

"बाबू, एक गोष्ट सांगतो. कोनाले सांगू नका."

"सांगा."

"मले घंटी आयकू येत नाही."

मी समोर बसलो होतो आणि आमचे बोलणे नीट चालले होते. मी तसे म्हणालो. ते म्हणाले, बोलणे ऐकू येते, समोरच्याचे तोंड दिसते ना. घंटीचा बारीक आवाज गेला. दोन हंगाम झाले.

"मग खुणा कशा करता?"

"प्रेमसिंगकडं पाह्यतो. त्याचं तोंड जिकडं फिरलं, तिकडं मी हात करतो."

प्रेमसिंग त्यांचा चुलत पुतण्या, हाक्यातला दुसरा जुना माणूस. मी कानाच्या मशीनचे सुचवले. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"कानात मशीन घालून हाक्याले गेलो त मले मधात कोन उभं करन? घरी बसा म्हनतील."

त्यांनी खिशातून मोबाईल काढला. नवीनने जुना झाला म्हणून दिलेला. त्यावर एक जाहिरात होती. परदेशातल्या जंगलात कुत्रा पळतो आहे, गळ्यात काळा पट्टा आहे, आणि एक माणूस मोबाईलमध्ये पाहून हसतो आहे. पडद्यावर निळा ठिपका कुत्र्याबरोबर सरकतो.

"हे मागवा," ते म्हणाले. "आयकाची गरजच नाई."

मी मागवले. माझ्याच मोबाईलवरून. ग्राहकांच्या शेऱ्यांमध्ये पाचपैकी साडेचार चांदण्या होत्या. किंमत इतर पट्ट्यांच्या पाव हिश्श्याएवढी होती. वस्तू इतकी स्वस्त मिळत असेल तर कारण विचारावे, हे मला बी. कॉम.च्या पहिल्या वर्षी शिकवले होते. मी विचारले नाही.

दहा दिवसांनी पार्सल आले. त्यात मांजराचे केस विंचरायचा ब्रश होता. तो मी तांड्यावर दाखवायला नेला. लालसिंगांच्या बायको रूपाबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी ब्रश उलटा-सुलटा करून पाहिला.

"आता मांजर बी पाठवा म्हना त्याईले," त्या म्हणाल्या. "नाईतर ह्याईचेच केस इंचरते मी."

"माह्ये केस रायलेच कुठी?" लालसिंग म्हणाले.

मी ब्रशचे तीन बाजूंनी फोटो काढून तक्रार पाठवली. पहिल्या दोन तक्रारींना उत्तर नाही. तिसरीला उत्तर आले की पत्ता चुकीचा आहे. पत्ता बरोबर असल्याचे मी पिनकोडसह कळवले. एकोणिसाव्या दिवशी पट्टा आला. काळा, त्यावर काडेपेटीएवढी डबी, डबीत हिरवा दिवा.

रविवारी आम्ही तो कॉलेजच्या मैदानावर तपासला. भुऱ्या म्हणजे लालसिंगांचा कुत्रा, मातकट रंगाचा, लांब पायांचा, चार वर्षांचा. तो फाटकापर्यंत पळून आला. मी लालसिंगांच्या मोबाईलमध्ये पाहिले. निळा ठिपका कॉलेजच्या नावावरच होता. पुन्हा पळवला, पुन्हा बरोबर. लालसिंगांनी मोबाईल दोन्ही हातांत धरला होता. फाटक पन्नास पावलांवर आहे. हाका नसला की भुऱ्या लालसिंगांना सोडून त्यापलीकडे जात नसे आणि त्याला दुसऱ्या कोणाबरोबर दूर पाठवून पाहावे, हे आम्हा दोघांच्या डोक्यात आले नाही.

एक शंका मात्र मी विक्रेत्याला विचारली होती. पट्ट्याबरोबर घंटी चालेल का? उत्तर लगेच आले. "सर, लोहा-पीतल से सिग्नल कटता है. घंटी निकाल दीजिए." मी ते लालसिंगांना जसेच्या तसे वाचून दाखवले. त्यांनी तिथेच घंटी सोडली आणि खिशात टाकली. त्यांना ती तशीही ऐकू येत नव्हती.

हाका पुढच्या रविवारी सकाळी झाला, जगदेवच्या तुरीत. जगदेवचे शेत तांड्याला लागून आहे. मोबाईलचे काही अडले तर पाहायला म्हणून लालसिंगांनी मला बोलावले होते. त्यापूर्वी मी कधी हाका पाहिला नव्हता. दव होते, पँट गुडघ्यापर्यंत भिजली.

प्रेमसिंगने आधी कुत्र्याच्या गळ्याकडे पाहिले.

"काका, घंटी कुठी हाय?"

"काडली."

"काहून?"

लालसिंगांनी मोबाईल दाखवला. प्रेमसिंग हसला. "म्हंजे आता मोबाईलच डुक्कर हाकलन."

जगदेव बांधावरून म्हणाला, "कॉल लावा ना त्याले. भुऱ्या हॅलो म्हनते का पाहू."

सगळे हसले. लालसिंगही हसले. मग ते ओळीच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि भुऱ्याला सोडले. तुरीचे शेंडे थोडा वेळ हलले, मग हलायचे थांबले.

मोबाईल लालसिंगांच्या हातात होता, मी शेजारी.

"कुठी हाय?"

मी पाहिले. "इथेच आहे."

पाच मिनिटांनी पुन्हा विचारले. ठिपका तिथेच होता.

तुरीत आतल्या बाजूला काहीतरी मोडल्यासारखा आवाज झाला. कुत्रा एकदा भुंकला. पश्चिमेच्या बांधावरून सात डुकरे बाहेर पडली आणि जंगलाकडे गेली. जगदेवने ती मोजली. हाका चांगला झाला असे तो म्हणाला.

भुऱ्या बाहेर आला नाही.

प्रेमसिंग आत शिरायला निघाला. लालसिंगांनी त्याला हाताने अडवले. "एखांदं डुक्कर आत बसून असन. थांब. भुऱ्या जवळच हाय, येते." त्यांनी मोबाईल त्याच्यासमोर धरला. ठिपका आमच्या पायाशी होता. आम्ही वीस-पंचवीस मिनिटे थांबलो. जगदेवच्या घरून चहा आला, तो प्यालो.

नंतर शोध सुरू झाला. भुऱ्याला हाका मारत आम्ही कडेकडेने फिरलो. तूर इतकी दाट होती की दोन हातांवरचे दिसत नव्हते. लालसिंग दर थोड्या वेळाने मोबाईल माझ्यापुढे धरायचे आणि मी सांगायचो, इथेच आहे. दुपारी मी पाणी प्यायला विहिरीवर गेलो. मोबाईल माझ्याकडेच राहिला होता. सहज पाहिले. ठिपका विहिरीवर होता.

मी विहिरीपासून आंब्यापर्यंत चालत गेलो. ठिपका आंब्याखाली आला.

मी नवीनला पुण्याला फोन लावला. पट्ट्याचे नाव सांगितले, डबीचे वर्णन केले.

"काका, ते साधं ब्लूटूथ आहे," तो म्हणाला. "कुत्रा कुठं आहे हे त्याले कळतच नाही. तो ठिपका तुमच्याच मोबाईलचा आहे."

मी परत आलो आणि लालसिंगांच्या समोर उभा राहून, त्यांना ओठ दिसतील असे, सांगितले. ते "हौ" म्हणाले. मोबाईल घेऊन खिशात ठेवला. दुसऱ्या खिशात घंटी होती.

चार दिवस शोधले. मी दोन दिवस रजा टाकली. भुऱ्या सापडला तो जानेवारीत, तूर कापताना. शेताच्या आत तुरीने झाकलेली एक कोरडी नाली आहे, तिच्यात. बरगडीखाली डुकराचा दात लागला होता. तितक्या दिवसांनीही जखम ओळखू येत होती. गळ्यात पट्टा होता. ज्या जागी आम्ही चहा प्यालो तिथून नालीपर्यंत मी पावले मोजली. एकशे चाळीस भरली.

प्रेमसिंग माझ्या मागे उभा होता. खालच्या आवाजात म्हणाला, "घंटी असती त पडून बी वाजली असती. नुसती मान हलवली का वाजते ते."

लालसिंग हातभर अंतरावर होते. त्यांनी ते ऐकले नाही. मी ऐकले.

नालीच्या काठावरच खड्डा केला. रूपाबाई आल्या नाहीत.

विक्रेत्याला मी शेवटची तक्रार पाठवली, दीड पान, तारखांसह. उत्तर आले: "सर, आपके ऐप में डॉग का लोकेशन ओके दिख रहा है. कंप्लेंट क्लोज़." आठवड्याने विक्रेत्याचे नेटवरचे पानच नाहीसे झाले. उत्तराची छापील प्रत माझ्याकडे आहे. ती कोणाला दाखवायची हे मला ठाऊक नाही.

जगदेव हाक्याचे धान्य घेऊन आला तेव्हा मी तांड्यावर होतो. लालसिंगांची पायली वेगळ्या पिशवीत, कुत्र्याची वेगळ्या.

"हे वापस न्या," रूपाबाई कुत्र्याच्या पिशवीकडे पाहून म्हणाल्या.

"हाका झाला त वाटा झाला, भाबी," जगदेव म्हणाला. "माह्या शेतात मेला तो. मी कसा ठिऊन घेऊ?"

त्यांनी पिशवी घेतली. घरच्या ज्वारीत ओतली नाही, एका डब्यात ठेवली. तो डबा अजून तसाच आहे.

फेब्रुवारीत लालसिंगांनी मला मोबाईलमधून ते ॲप काढून टाकायला बोलावले. ओट्यावर बसून मी ते उघडले. ठिपका त्यांच्या घरावर होता. त्यांनी वाकून पाहिले, मग दाराजवळच्या खिळ्याकडे पाहिले. खिळ्याला पट्टा अडकवला होता, त्याखाली घंटी.

"आता बरोबर दाखवून राह्यलं," ते म्हणाले.

मी ॲप काढले. रूपाबाईंनी चहा आणला. तेवढ्यात प्रेमसिंग मोटरसायकलवर आला. मागे त्याच्या पुतण्याने पाळलेला एक तरणा कुत्रा दोरीला बांधलेला पळत होता. आसेगावकडचा निरोप होता, हरभऱ्यात डुकरे पडली होती.

"चाला काका. मधात तुमीच पायजे."

लालसिंग उठले आणि घंटी खिळ्यावरून काढली.

"मी नाई येत. मले आयकू येत नाही."

"काय आयकू येत नाही?"

"हे." त्यांनी घंटी वर केली. "दोन वर्सं झाले."

"मजाक नका करू, काका. मांगच्या वर्साले तुमी बरोब्बर खुना करत होते."

"तुह्या तोंडाकडं पाहून करत होतो."

प्रेमसिंगने माझ्याकडे पाहिले. मी हो म्हणून मान हलवली. तो गाडीवरून उतरला, पण पुढे आला नाही. त्या सकाळी तुरीत शिरताना त्याला कोणी आणि काय दाखवून अडवले होते, ते त्याला आठवत असावे. त्याने बोलावे म्हणून लालसिंग थांबले होते असे मला वाटले.

मग लालसिंगांनी घंटी कानाजवळ धरून हलवली.

"वाजली काय, बाबू?"

"वाजली."

त्यांनी ती प्रेमसिंगच्या हातात दिली. "काहीबी झालं तरी काडू नको."

"नाई काडत," प्रेमसिंग म्हणाला. त्याने तिथेच ती त्या कुत्र्याच्या गळ्यात बांधली, दोनदा गाठ मारली, आणि गाडी चालू न करता ढकलत नेली. कुत्रा बाजूने चालत होता. तांड्याच्या वळणापर्यंत घंटी ऐकू येत होती, वळणानंतरही थोडा वेळ. मी रस्त्याकडे पाहत होतो. लालसिंग माझ्या तोंडाकडे पाहत होते. आवाज थांबला तेव्हा मी मान वळवून कप उचलला, आणि ते आत गेले.