चिनी मेडलं आणि चिंच

माझ्या नवऱ्याला चिनी मेडलांचं वेड होतं. मेडल म्हटलं की लोक विचारायचे, "भाऊचा कशात नंबर आला होता?" कशातच नाही. ही मेडलं जिंकायची नसतात आणि गळ्यातही घालायची नसतात. तळहाताएवढा पितळेचा किंवा तांब्याचा जाड गोल तुकडा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना उठावाची चित्रं. डोंगरातून जाणारी नदी, उडत्या पऱ्या, नाटकातला मुखवटा, बैल, कमळ. नुसतं पाहायचं आणि पेटीत ठेवायचं. चंद्रपूरला एका वीज प्रकल्पावर ते स्टोअरमध्ये होते. तिथं बॉयलर बसवायला आलेल्या एका चिनी इंजिनिअरनं परत जाताना त्यांच्या हातात पहिलं मेडल ठेवलं. तो गेला आपल्या देशात, ही ब्याद राहिली माझ्या घरात.

निवृत्त होऊन आम्ही वडशाला आलो, तेव्हा कपाटाचे वरचे दोन कप्पे मेडलांना मिळाले आणि माझ्या साड्या खाटेखालच्या पेटीत गेल्या. मागवलेल्या मेडलाचं कुरिअर आलं की पांढरे सुती हातमोजे घालून हे बसायचे. नवरीचा पदर सरकवावा तसं हळूच मखमलीचं झाकण उघडायचे. आमच्या लग्नात इतकं हळू काही उघडल्याचं मला आठवत नाही.

कधी लहर आली तर मला शिकवायचेही. या मेडलांना टांकसाळीतच एक काळपट, तपकिरी रंग चढवतात. तो खोलगट जागी टिकतो, वरच्या कडा उजळ राहतात, म्हणून चित्र जिवंत दिसतं. "हा रंग गेला का मेडल मेलं," ते सांगायचे, "मंग थे भंगारात टाकाच्या लायक." मी हे नीट ऐकून घेतलं. घरात माझं ऐकून घेणारं कोणी नव्हतं, पण मी सगळ्यांचं ऐकत होते.

माझं माहेर तलावाकाठचं. बाप जाळं टाकायचा, आई टोपल्यात मासोळी घेऊन बाजारात बसायची. मीही तिच्या शेजारी बसून खवले काढलेले आहेत. नागपूरहून यांच्यासारखाच एक शौकीन मेडलं पाहायला आला होता, त्या दिवशी मी चहा घेऊन बाहेर गेले. टेबलावर एक पितळेचं मेडल होतं, त्यावर कमळाच्या देठांमधून जाणारे दोन मासे. आमच्या तलावातल्या रोहूसारखे जाडजूड. मी ते उचललं. एवढंच.

यांनी ते माझ्या हातातून ओढून घेतलं, कापडानं पुसलं आणि पाहुण्यासमोर म्हणाले, "तुह्या हाताले मासोळीचा वास येते. बोट लागलं का मेडल खराब."

पाहुणा हसला. मी केलेला चहा पीत पीत हसला. त्याच दुपारी दोघांनी माझ्या हातचा रोहूचा रस्सा बोटं चाटून खाल्ला, तेव्हा कोणाला वास आला नाही. पाहुणा म्हणाला, रस्सा झकास झाला. हे म्हणाले, मीठ कमी आहे.

मला यांच्याकडून सोनं नको होतं. माझ्या या हातांनी केलेल्या एखाद्या गोष्टीला एकदा चांगलं म्हणावं, इतकीच आस होती. ती मी बरीच वर्षं जपली, आणि जपलेली वस्तू नासते तशी ती नासली.

मग यांना लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डोळे मात्र शाबूत आणि डोक्यात सगळं शाबूत. खाट मी पडवीत टाकली. धुणं, भरवणं, कूस बदलणं, सगळं माझ्याच वासाच्या हातांनी. एक दिवस त्यांनी तोंडातला भात माझ्या अंगावर थुंकला. चुकून नाही, माझ्याकडे पाहून. मी पदर पुसला, कपाट उघडलं आणि पऱ्यांचं मेडल काढलं. मोजे घातले नाहीत. त्यांच्या खाटेसमोर पाट मांडला, चिंच भिजवली, चुलीतली राख घेतली आणि दिवाळीला समई घासतात तशी ती परी घासली.

काळा रंग बोटांवर आला. खालून पिवळंधमक पितळ निघालं. परीचं नाक, ओढणी, सगळं एका रंगात बुडालं. खाटेवरून आवाज येत होता, बांधलेल्या वासरासारखा. डाव्या डोळ्यातून पाणी वाहत होतं. मला बरं वाटलं. लोक म्हणतात अशा वेळी मन खातं. माझं मन त्या दिवशी पोटभर जेवलं.

त्यानंतर नियमच ठरला. भात थुंकला की एक मेडल. सगळी एकदम घासली असती तर मजा संपली असती. बैल गेला, नदी गेली, मुखवटा गेला. उजळलेली मेडलं मी खिडकीत ओळीनं मांडायची, त्यांना पडल्या पडल्या दिसतील अशी. हळूहळू थुंकणं बंद झालं. ते मुकाट्यानं गिळायला लागले. मग त्यांच्या तोंडातून चुकून भात सांडला तरी मी मेडल काढू लागले.

नणंद भेटायला आली. खिडकीकडे पाहून तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला. "वयनी, भाऊले किती जपून राह्यली तू. त्याच्या पितळेलेही कशी चमक ठेवली." हे खाटेवरून "न, न" करायला लागले, डावा हात आपटायला लागले. नणंदेचे डोळे भरून आले. "पाह्य, तुहं नाव काढलं तर त्याले रडू येते," ती म्हणाली. मी तिला चहा दिला आणि साखर जास्त घातली.

माशांचं मेडल मी शेवटी ठेवलं होतं. ते त्यांना माहीत होतं. मी कपाटाकडे गेले की त्यांची नजर आधी त्याच पेटीवर जायची. मी पेटी उचलायची आणि परत ठेवायची.

पावसाळ्यानंतर दुसरा झटका आला. डॉक्टर म्हणाले, पहिल्या झटक्यात गेलेली वाचा थोडी परत येते आहे, पण या झटक्यानं आठवणीचं काय होईल ते सांगता येत नाही. तसंच झालं. काही शब्द आले. दिवाळीच्या तोंडावर मी माशांची पेटी घेतली, पाट मांडला, मेडल त्यांच्या तोंडासमोर धरलं. त्यांचं पाहून झाल्यावर घासायला घेतलं. सावकाश, खवल्यांतून, कमळाच्या देठांतून. आवाज येईना. मी मान वर केली.

ते हसत होते. वाकड्या तोंडानं, लेकरासारखे. डावा हात पुढे केला, मेडल घेतलं, उन्हात धरलं. "बढिया केलं वं," ते म्हणाले. "तुह्या हाताले गुण हाय."

मी त्यांच्या खांद्याला धरून हलवलं. "म्या बिघडवलं हे. मुद्दाम बिघडवलं. तुमची सारी मेडलं मारली म्या, समजते का?"

"हो," ते म्हणाले. "दुसरं आन."

दुसरं उरलं नव्हतं. पण ते रोज सकाळी हात पुढे करतात आणि मी घासलेलीच मेडलं पुन्हा घासायला बसते. रोज म्हणतात, बढिया केलं. आयुष्यभर ज्या तोंडून हे ऐकायचं होतं, त्याच तोंडून ऐकते आहे. आणि ज्याला रडवायला मी हे सगळं केलं, तो माणूस घरात नाही. मी भात भरवते, ते गिळतात. मी मुद्दाम बोटानं जरा जोरात भरवून पाहते, तरी गिळतात.